ग्रॅनाइटचा कोअर पहिल्यांदा हातात आल्यावर काय काय करायचं

कोयनानगरजवळ रासाटीला बोअर मारला तेव्हा वरचा काळा बेसॉल्ट संपायला सुमारे ९३० मीटर लागले आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइट लागला. आपण महाराष्ट्रातली माणसं कातळ म्हटलं की काळाच दगड डोळ्यांसमोर आणतो, किल्ले लेणी घाट सगळं त्याचंच, पण त्याच्या पोटात हा सुमारे २७० कोटी वर्षांचा जुना दगड बसलाय आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा ६.३ चा भूकंप असो की त्यानंतरचे हजारो छोटे धक्के, ते ह्या खालच्या दगडातच होतात. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर बोअर घेतला तिथे ट्रॅप, म्हणजे हाच काळा बेसॉल्ट, ३३८ मीटरवरच संपला. म्हणजे आपल्याकडच्या ह्या जुन्या खडकाचं तोंड बघायचं असेल तर नांदेड-देगलूर, गडचिरोली, सिंधुदुर्ग अशा मोजक्या भागांत तो उघडा दिसतो, बाकी बहुतेक ठिकाणी ड्रिल कोअर, म्हणजे बोअरमधून काढलेला दगडाचा दंडगोल, हाच रस्ता.

एमएस्सीची मुलं दरवर्षी विचारतात की मॅडम कोअर मिळाला, आता लॅबला किती सॅम्पल पाठवू. हा प्रश्न शेवटचा आहे, पहिला नाही. म्हणून पहिल्यापासून लिहून काढते. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: रिपोर्टमधला प्रत्येक आकडा नक्की कुठल्या खोलीवरच्या, कसल्या दिसणाऱ्या तुकड्यातून आलाय हे तुम्हाला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे, मधे एक जरी कडी तुटली तरी पुढचे सगळे डायग्राम निरुपयोगी.

पायरी १: बॉक्स लावा, खोली पक्की करा

कोअर बॉक्स पुस्तकासारखा वाचतात, डावीकडून उजवीकडे, वरच्या खणातून खालच्या खणात. प्रत्येक रनच्या (एका खेपेत ड्रिल केलेल्या लांबीच्या) शेवटी ड्रिलरने ठोकळा ठेवलेला असतो, त्यावर खोली लिहिलेली असते. सगळ्यात आधी सगळे बॉक्स ओळीने मांडा आणि ठोकळ्यांवरचे आकडे वहीत उतरवा, बघा की कुठे आकडा मागे तर जात नाही, एकच रन दोनदा तर नाही. मग तुकडे जुळवून बघा. तुटलेल्या दोन टोकांचा खडबडीतपणा एकमेकांत बसतो, नाही बसला तर एकतर मधला भाग गेलाय किंवा कोणीतरी तुकडा उलटा ठेवलाय. उलटा ठेवलेला तुकडा हे फार नेहमीचं आहे, बॉक्स ट्रकमधून उतरवताना सांडतात आणि मजूर जमेल तसे परत भरतात. जुळवून झालं की कोअरच्या अंगावर लांबीभर दोन रेघा मारा, एक लाल एक निळी, तुकड्याचं वरचं टोक वर धरलं की लाल उजवीकडे आली पाहिजे. एकदा ह्या रेघा मारल्या की नंतर कुठलाही तुकडा कुठेही पडलेला सापडला तरी त्याची वरची बाजू कुठली ते कळतं.

रिकव्हरी (रनमधला किती कोअर मिळाला) आणि आरक्यूडी (रनचा किती भाग मोठ्या अखंड तुकड्यांचा आहे) इथेच काढून घ्या. ३ मीटरचा रन, त्यातला २.८५ मीटर मिळाला तर रिकव्हरी ९५ टक्के. त्यात १० सेंटीमीटर किंवा त्याहून मोठे तुकडे मिळून २.४० मीटर भरले तर आरक्यूडी ८० टक्के. ड्रिलिंगमुळे किंवा हातोडीने पडलेली ताजी फूट मात्र फूट धरायची नाही, ती जोडून मोजायची. ताजी फूट स्वच्छ आणि चमकदार असते, मूळच्या भेगेवर हिरवट क्लोराइट नाहीतर पिस्ता रंगाचं एपिडोट नाहीतर पांढरं कॅल्साइट असं काहीतरी चिकटलेलं असतं. खूप ताण असलेल्या खडकात कोअर बशांसारख्या पातळ चकत्यांमध्ये फुटून वर येतो, असं दिसलं तर फोटोसकट नोंद करा, जिओफिजिक्सवाले त्यासाठी तुमचे आभार मानतील.

जो भाग आलाच नाही त्याचं काय? वेगळा पुरावा नसेल तर तोटा रनच्या तळाशी धरतात. पण ग्रॅनाइटमध्ये तोटा बहुतेक तिथेच होतो जिथे खडक चुरलेला आहे, म्हणजे फॉल्ट झोनमध्ये, आणि नेमका तोच भाग महत्त्वाचा असतो, म्हणून तोटा कुठे झाला असेल ते आजूबाजूचे तुकडे बघून ठरवा, नुसता नियम लावून मोकळे होऊ नका. बोअरमध्ये गॅमा लॉग (खोलीनुसार खडकाच्या किरणोत्साराची मोजणी) केलेला असेल तर तो मागून घ्या. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, थोरियम, युरेनियम बेसॉल्टपेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे संपर्क रेषेवर गॅमा एकदम उडी मारतो, पेग्मॅटाइटच्या (फार भरड दाण्याच्या ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या) शिरा आल्या की अजून वर जातो, आणि ह्या उड्या कोअरशी जुळवल्या की ड्रिलरची खोली आणि लॉगरची खोली ह्यात किती फरक आहे तो सापडतो.

एक फरक डोक्यात ठेवा, कोअर आणि कटिंग्ज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोयना भागातल्या गोठणे गावात २०१६-१७ मध्ये जो तीन किलोमीटरचा पायलट बोअर झाला त्यातून बहुतेक कटिंग्जच आल्या, मोजक्याच खोल्यांवर कोअर घेतला गेला. कटिंग्ज म्हणजे मडबरोबर (ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर) वर येणारा चुरा, तो वर यायला वेळ लागतो, वरच्या थरातला चुरा त्यात मिसळतो, अभ्रकाच्या पत्र्या धुताना वाहून जातात. त्यांच्यावरून रासायनिक काम होतं पण हा लेख त्याबद्दल नाही.

पायरी २: ओला करा आणि शांतपणे बघा

कोरड्या कोअरवर बारीक धूळ असते, काहीच दिसत नाही. स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा आणि रंग कसे उठून येतात बघा. फोटो दोन्ही काढा, कोरडा आणि ओला, पट्टी आणि खोलीची पाटी फोटोत आलीच पाहिजे.

आता १० एक्स हँड लेन्स. काचेसारखी राखाडी, कुठलाही सपाट पृष्ठभाग न दाखवणारी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. कोअर हातात फिरवला की आरशासारखे लखकन चमकणारे सपाट तुकडे ते फेल्डस्पार. त्यात बारीक समांतर रेघा दिसल्या तर प्लॅजिओक्लेज. काळ्या पत्र्या बायोटाइट, काळ्या-हिरव्या लांबट कांड्या हॉर्नब्लेंड. आणि एक चूक सगळे करतात, गुलाबी दिसलं की पोटॅश फेल्डस्पार लिहून टाकतात. गुलाबी रंग बऱ्याचदा फेल्डस्पारच्या आत बसलेल्या बारीक हेमॅटाइटचा असतो आणि तो प्लॅजिओक्लेजलाही चढतो. म्हणून आधी रंग लिहा, खनिज नंतर.

दाण्याचा आकार मोजून लिहा, १ मिमीच्या खाली बारीक, १ ते ५ मध्यम, ५ च्या वर भरड. पट्टे असतील तर कोअरच्या अक्षाशी त्यांचा कोन मोजा. कोयनेच्या खालचा खडक सरसकट एकसारखा ग्रॅनाइट नाहीये, त्यात नाइस (उष्णता-दाबाने पट्टे पडलेला खडक) आहे, मिग्मॅटाइटसारखा अर्धवट वितळून पट्टे पडलेला भाग आहे, म्हणून अर्ध्या मीटरवर नाव बदलावं लागलं तरी बदला, आळस करून दहा मीटरला एकच नाव देऊ नका.

ह्या पायरीत मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो भेगांच्या आजूबाजूला. एक तुकडा डोळ्यांसमोर आणा, साधा राखाडी बायोटाइट ग्रॅनाइट, मधून तिरकी जेमतेम १ मिमीची भेग गेलेली, भेगेत पिस्ता रंगाचं एपिडोट. ओला केला की दिसतं की भेगेच्या दोन्ही बाजूंना दोनेक सेंटीमीटरपर्यंत फेल्डस्पार विटकरी झालेत, बायोटाइटचा काळा रंग जाऊन हिरवा आलाय, आणि त्यापलीकडे दगड परत राखाडी. गरम पाणी ह्या भेगेतून गेलं आणि दोन्ही बाजूंचा खडक बदलून गेलं. भेग १ मिमीची, पण बदललेला पट्टा चार सेंटीमीटरचा. हा पट्टा वहीत उतरवला नाही आणि सॅम्पल नेमकं तिथून कापलं तर कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम सगळे आकडे त्या गरम पाण्याची गोष्ट सांगणार, मूळ मॅग्माची नाही. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, फक्त कुठली वाचतोय ते माहीत पाहिजे.

ट्रॅपच्या लगेच खालचे काही मीटर वेगळ्याच काळजीने बघा. लाव्हा येऊन पसरायच्या आधी हा ग्रॅनाइट उघड्यावर होता, ऊन-पाऊस खात होता, त्यामुळे वरचा भाग कुजलेला, फेल्डस्पारची माती झालेला असू शकतो. तो मूळ ग्रॅनाइट म्हणून धरू नका.

पायरी ३: कुठून आणि किती कापायचं

नवीन माणूस इथे दोन टोकांना जातो, एकतर दर दहा मीटरला एक असं यंत्रासारखं सॅम्पल घेतो नाहीतर जे सुंदर दिसतं तेवढंच उचलतो. मी आधी लॉगवरून (खोलीनुसार केलेल्या नोंदींवरून) खडकाचे गट पाडते, समजा राखाडी ग्रॅनाइट, गुलाबी ग्रॅनाइट, पट्ट्यांचा नाइस, पेग्मॅटाइट, आणि मग प्रत्येक गटातून ताजी सॅम्पल्स तीन-चार तरी, आणि बदललेल्या पट्ट्यातली मुद्दाम वेगळी, शेजारच्या ताज्या तुकड्याच्या जोडीने. जोडीने घेतलं की बदलात काय गेलं आणि काय आलं ते सरळ वजाबाकीसारखं दिसतं.

वजनाचा हिशोब करा, हे कोणी शिकवत नाही. एनक्यू ह्या प्रमाणित मापाच्या कोअरचा व्यास ४७.६ मिमी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १७.८ चौरस सेंटीमीटर, ग्रॅनाइटची घनता २.६५ धरली तर एक मीटर कोअरचं वजन ४.७ किलो. अर्धा कोअर रेकॉर्डसाठी ठेवायचाच असतो, म्हणजे तुमच्या वाट्याला मीटरमागे २.३५ किलो. एचक्यू म्हणजे ६३.५ मिमीचा असेल तर मीटरला ८.४ किलो, अर्धा ४.२. मध्यम दाण्याच्या ग्रॅनाइटला किलो-दीड किलो पुरतं, म्हणजे एनक्यूचा अर्धा कोअर साधारण अर्धा मीटर. पण भरड खडकाला हे पुरत नाही. गोव्यात काणकोणचा ग्रॅनाइट बघितलाय का, त्यात पोटॅश फेल्डस्पारचे सेंटीमीटरमध्ये मोजायचे मोठे मोठे स्फटिक आहेत. असा खडक ४७ मिमीच्या नळीतून वर आला तर एकच स्फटिक अर्धा छेद व्यापून बसेल आणि १० सेंटीमीटरचा तुकडा दळला तर पोटॅशियम भलतंच जास्त येईल, पुढचे १० सेंटीमीटर दळले तर भलतंच कमी. अशा वेळी मीटर-दीड मीटर सलग घ्या, नाहीतर त्या खडकाच्या एकूण रसायनाबद्दल बोलूच नका, फक्त खनिजांबद्दल बोला.

सॅम्पलची खोली नेहमी पासून-पर्यंत लिहा, १०४२.३० ते १०४२.८०, नुसतं १०४२ नाही. नंबर कोअरवर, पिशवीवर, पिशवीच्या आत घातलेल्या कागदावर आणि वहीत, चार ठिकाणी. एकदा आमची बारा सॅम्पल्स कापायला दिली होती, नंबर साध्या मार्करने लिहिलेले, सॉच्या पाण्याने सगळे धुऊन गेले आणि बाराच्या बारा अर्धे कोअर एका घमेल्यात आले. सात परत जुळवता आले कारण वहीत स्केच होतं, पाच सोडून द्यावे लागले. तेव्हापासून पेन्सिलने लिहिलेली ॲल्युमिनियमची पट्टी तारेने बांधल्याशिवाय मी तुकडा सोडत नाही.

पायरी ४: थिन सेक्शन, आणि तेही त्याच तुकड्यातून

पावडर एका तुकड्याची आणि स्लाइड दुसऱ्याची असं करू नका. कापलेल्या अर्ध्यातूनच आधी एक चकती स्लाइडसाठी काढा, उरलेलं दळायला. पट्टे असतील तर चकती पट्ट्यांना आडवी काढा.

थिन सेक्शन म्हणजे काचेवर चिकटवून घासलेली दगडाची पातळ चकती, ही स्लाइड ३० मायक्रॉनची असते. जाडी बरोबर आहे का हे क्वार्ट्झ सांगतं, क्रॉस्ड पोलर्समध्ये (मायक्रोस्कोपचे दोन ध्रुवक एकमेकांना आडवे लावून) तो राखाडी-पांढरा दिसला पाहिजे, फार तर पिवळसर झाक. पिवळा-केशरी दिसला तर स्लाइड जाड आहे, परत पाठवा, कारण जाड स्लाइडमध्ये सगळ्याच खनिजांचे रंग फसवतात.

मग ओळख: मायक्रोक्लिनची चौकडी लुंगीच्या कापडासारखी दिसते, एकदा बघितली की विसरत नाही. प्लॅजिओक्लेजचे काळे-पांढरे पट्टे. बायोटाइट स्टेज फिरवला की तपकिरीतून फिकट होतो, आणि त्याच्यात बारीक झिरकॉन अडकलेला असेल तर त्याच्याभोवती काळसर वलय असतं, युरेनियम-थोरियमच्या किरणांनी बायोटाइट भाजून निघालेला. मला ते वलय दरवेळी थांबून बघावंसं वाटतं, कोट्यवधी वर्षांचं काम एका ठिपक्याएवढ्या जागेत. शिवाय त्याचा उपयोगही आहे, झिरकॉन कुठे बसलाय, नंतर वय काढायला कुठलं सॅम्पल चांगलं, ते इथेच ठरतं. प्लॅजिओक्लेज आणि पोटॅश फेल्डस्पारच्या सीमेवर किड्यांसारखे वळवळलेले क्वार्ट्झ दिसले तर ते मिर्मेकाइट. क्वार्ट्झ एकदम काळा न होता लाटेसारखा विझत गेला तर खडकावर ताण येऊन गेलाय.

आणि बदल शोधा. प्लॅजिओक्लेजच्या पोटात चमकणाऱ्या बारीक सुया म्हणजे सेरिसाइट, हिरवा झालेला बायोटाइट म्हणजे क्लोराइट. प्रत्येक स्लाइडला मी शून्य ते तीन असा बदलाचा मार्क देते आणि तो मार्क शेवटपर्यंत डेटा टेबलमध्ये एक कॉलम म्हणून राहतो. छोटी गोष्ट आहे पण पुढे डायग्रामवर एखादा ठिपका लांब पडला की पहिलं ह्या कॉलमकडे बघायचं.

पॉइंट काउंट (ठरावीक अंतरावरच्या बिंदूंखाली कुठलं खनिज आहे ते मोजणं) कमीत कमी १००० बिंदूंचा करा आणि दोन बिंदूंमधलं अंतर सरासरी दाण्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर एकच दाणा तुम्ही पाच वेळा मोजाल. भरड खडकाला एक स्लाइड पुरत नाही, तिथे तीन-चार स्लाइड करा किंवा सपाट कापलेल्या स्लॅबवर डाग देऊन मोजा. डाग द्यायची पद्धत अशी की हायड्रोफ्लोरिक ॲसिडने पृष्ठभाग खायचा आणि सोडियम कोबाल्टीनायट्राइट लावायचं, पोटॅश फेल्डस्पार पिवळाधमक होतो. पण हे काम नवशिक्याने एकट्याने अजिबात करायचं नाही. हायड्रोफ्लोरिक ॲसिड त्वचेतून आत जातं, सुरुवातीला दुखतही नाही आणि शरीरातलं कॅल्शियम खेचून घेतं, जीव जाऊ शकतो. फ्यूम हूड, योग्य ग्लोव्हज, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी आणि शिकलेला माणूस शेजारी, ह्यातलं एक जरी नसेल तर डाग राहू द्या.

नाव द्यायचं स्ट्रेकायझनच्या क्यूएपीएफ त्रिकोणावरून, म्हणजे क्वार्ट्झ, अल्कली फेल्डस्पार आणि प्लॅजिओक्लेज ह्यांच्या प्रमाणावरून. समजा मोजणीत क्वार्ट्झ २८, अल्कली फेल्डस्पार ३०, प्लॅजिओक्लेज ३४, बायोटाइट ६, बाकी २ टक्के आले. पहिल्या तिघांची बेरीज ९२, त्यात क्वार्ट्झ ३०.४ टक्के, म्हणजे २० ते ६० च्या मधे, ग्रॅनाइटच्या पट्ट्यात. मग ३४ भागिले ६४, प्लॅजिओक्लेजचा फेल्डस्पारमधला वाटा ५३ टक्के. ३५ ते ६५ मधे आला म्हणून मोन्झोग्रॅनाइट. ६५ च्या वर असता तर ग्रॅनोडायोराइट, ९० च्या वर टोनालाइट. पर्थाइटच्या आतल्या अल्बाइटच्या रेघा प्लॅजिओक्लेजमध्ये धरायच्या नाहीत, अख्खा दाणा अल्कली फेल्डस्पार.

पायरी ५: धुणं, फोडणं, दळणं

इथे सॅम्पल बिघडतं आणि कोणाला कळतही नाही. ड्रिलिंगचं मड, ग्रीस, बिटच्या धातूचे कण, सॉच्या पात्याच्या खुणा, मार्करची शाई, सगळं कोअरच्या बाहेरच्या अंगावर असतं. मडमध्ये बॅराइट घातलेलं असेल तर बेरियम वाढून येणार. म्हणून बाहेरचा भाग घासून काढा, स्वच्छ पाण्याने ब्रशने धुवा, शेवटी डिस्टिल्ड पाण्यात घालून वाळवा.

जॉ क्रशरनंतर दळायची भांडी कशाची आहेत ते विचारा आणि लिहून ठेवा. टंगस्टन कार्बाइडचं भांडं टंगस्टन आणि कोबाल्ट देतं, थोडं टँटलम-नायोबियमही. स्टीलचं भांडं लोखंड, क्रोमियम, कधी निकेल. ग्रॅनाइटमध्ये क्रोमियम-निकेल मुळातच इतके कमी की भांड्यातून आलेलं थोडंसंही मोठं दिसतं. अगेट सगळ्यात स्वच्छ, थोडी सिलिका वाढली तर ७० टक्के सिलिकाच्या खडकात फरक पडत नाही, पण वेळ फार लागतो. दोन सॅम्पल्सच्या मधे स्वच्छ क्वार्ट्झ वाळू दळून टाका, मग पुढच्या सॅम्पलचा थोडा भाग दळून तोही टाका, आणि मग खरं सॅम्पल. २०० मेशपर्यंत, म्हणजे साधारण ७५ मायक्रॉन. आणि फोडलेलं सगळं दळा, चाळणीवर उरलेलं फेकू नका, त्यात अभ्रकच जास्त असतं.

पायरी ६: लॅबला काय सांगायचं

मुख्य ऑक्साइडसाठी एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मोजणी), लिथियम बोरेटबरोबर वितळवून केलेल्या काचेच्या चकतीवर. ट्रेस (अगदी थोड्या प्रमाणातली मूलद्रव्यं) आणि आरईईसाठी (रेअर अर्थ मूलद्रव्यांसाठी) आयसीपी-एमएस, ज्यात दगड विरघळवून मोजतात. एलओआय म्हणजे साधारण ९५० ते १००० अंशांवर तापवून गेलेलं वजन, ताज्या ग्रॅनाइटमध्ये ते बहुधा १ टक्क्याच्या आत असतं, २ च्या वर गेलं तर तुमची स्लाइड परत मायक्रोस्कोपखाली घाला.

आणि एक प्रश्न लेखी विचारा: आयसीपीसाठी दगड कसा विरघळवणार. उघड्या भांड्यात हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडने केलं तर फेल्डस्पार, बायोटाइट सगळं जातं, झिरकॉन मात्र तसाच तळाशी बसतो. झिरकॉन राहिला म्हणजे झिरकोनियम, हाफनियम आणि जड आरईई तुमच्या रिपोर्टमधून गायब. आमच्या एका बॅचमध्ये एक्सआरएफचं झिरकोनियम दोनशेच्या वर आणि त्याच पावडरचं आयसीपीमधलं साठच्या आसपास, आणि जड आरईई इतके पडलेले की एका विद्यार्थ्याने गार्नेट असलेल्या खोल उगमाची अख्खी गोष्ट लिहून टाकली होती. गार्नेटचा काही संबंध नव्हता, बिचारा झिरकॉन बीकरच्या तळाशी होता. म्हणून बोरेट फ्युजन करून विरघळवणं किंवा बंद बॉम्बमध्ये (दाब सहन करणाऱ्या घट्ट भांड्यात) जास्त दाब-तापमानावर दोनेक दिवस ठेवणं, ह्यातलं एक मागा. आणि दोन्ही पद्धतींचं झिरकोनियम शेजारी ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दर बॅचमध्ये एक स्टँडर्ड (आकडे आधीच माहीत असलेली पावडर), एक ब्लँक (दगड न घातलेलं रिकामं सॅम्पल), आणि एक तुमचंच सॅम्पल वेगळ्या नंबरने परत. ग्रॅनाइटसाठी अमेरिकेच्या यूएसजीएसचा जी-२, तो ऱ्होड आयलंडच्या वेस्टर्लीचा ग्रॅनाइट, किंवा जपानचा जेजी-२. लॅब स्वतःचे स्टँडर्ड लावतेच, तरी तुमचा एक लपवून पाठवा.

पायरी ७: आकडे वाचायला बसा

पहिलं बेरीज बघा, एलओआय धरून ९९ ते १०१ मधे पाहिजे. मग ए/सीएनके, म्हणजे ॲल्युमिना भागिले कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम ऑक्साइडची बेरीज. हा मोलमधला हिशोब आहे, टक्के सरळ भागू नका. जी-२ चंच करून बघू: ॲल्युमिना १५.४ भागिले १०१.९६ म्हणजे ०.१५१०. कॅल्शियम ऑक्साइड १.९६ भागिले ५६.०८ म्हणजे ०.०३५०. सोडियम ऑक्साइड ४.०८ भागिले ६१.९८ म्हणजे ०.०६५८. पोटॅशियम ऑक्साइड ४.४८ भागिले ९४.२ म्हणजे ०.०४७६. शेवटच्या तिघांची बेरीज ०.१४८४, आणि ०.१५१० भागिले ०.१४८४ बरोबर १.०२. एकच्या जरासं वर, म्हणजे किंचित पेरॲल्युमिनस (ॲल्युमिना वरचढ असलेला). हा हिशोब एकदा हाताने करा, मग एक्सेल वापरा.

चॅपेल आणि व्हाइट ह्यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅनाइटवरून आय आणि एस असे दोन प्रकार मांडले, अग्निज खडक वितळून झालेला आणि गाळाचा खडक वितळून झालेला, आणि ए/सीएनके १.१ ही त्यांच्यातली रेघ म्हणून सगळे वापरतात. पण १.१ च्या वर आकडा आला की लगेच एस-टाइप लिहू नका. आठवा ती हिरवी भेग. प्लॅजिओक्लेजचं सेरिसाइट होताना कॅल्शियम-सोडियम निघून जातात, ॲल्युमिना जागेवरच राहतं, साहजिकच भागाकार वाढतो. एस-टाइप खरा असेल तर स्लाइडमध्ये मस्कोव्हाइट, कॉर्डिएराइट, गार्नेट असं काहीतरी मूळचं दिसायला पाहिजे. नुसता आकडा जास्त आणि स्लाइडमध्ये हॉर्नब्लेंड असेल तर तुम्ही बदललेला दगड दळलाय.

म्हणूनच जुन्या, पाणी खाल्लेल्या खडकात मी झिरकोनियम, टायटॅनियम, नायोबियम, यिट्रियम आणि आरईई ह्यांच्यावर जास्त भरवसा ठेवते, ते सहज हलत नाहीत. आरईई कॉन्ड्राइटने (आदिम उल्केतल्या प्रमाणांनी) भागून लॉग स्केलवर काढा. युरोपियमचा खड्डा दिसला तर मॅग्मातून प्लॅजिओक्लेज बाहेर पडलाय किंवा वितळताना मागेच राहिलाय. जड आरईई फार कमी आणि स्ट्रॉन्शियम जास्त, सोडियम पोटॅशियमपेक्षा जास्त, असा खडक धारवाड क्रेटॉनमध्ये (दक्षिण भारतातल्या जुन्या स्थिर भूकवचात) टीटीजी, म्हणजे टोनालाइट-ट्रॉन्डजेमाइट-ग्रॅनोडायोराइट, गटाचा असू शकतो, खोलवर गार्नेट मागे ठेवून वितळलेला. पोटॅशियम वाढलेला, युरोपियमचा खड्डा असलेला ग्रॅनाइट बहुतेक त्यानंतरचा, आधीच तयार झालेलं कवच परत वितळून आलेला, कर्नाटकातला क्लोजपेट हा पोटॅशियमवाल्या ग्रॅनाइटचा प्रसिद्ध पट्टा. तुमच्या बोअरमध्ये दोन्ही शेजारी सापडले तर कोण कोणाला कापतंय हे कोअरवरच दिसतं, ते आकडे सांगणार नाहीत.

पिअर्सच्या १९८४ च्या डायग्रामवर ठिपका टाकून टेक्टॉनिक्स ठरवणं सगळ्यांना फार आवडतं. तो आजच्या जगातल्या, फॅनेरोझोइक (गेल्या सुमारे ५४ कोटी वर्षांतल्या) ग्रॅनाइटवरून बनवलाय. २७० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाचा ठिपका व्होल्कॅनिक आर्कच्या (ज्वालामुखींच्या रांगेच्या) खणात पडला तर त्याचा अर्थ एवढाच की रुबिडियम आणि यिट्रियम-नायोबियम त्या मापाचे आहेत. माझ्या मते नवशिक्याने हा डायग्राम पहिल्या पेपरमध्ये टाकूच नये.

एक उपयोगी गोष्ट मात्र जरूर काढा, उष्णता निर्मिती. घनता गुणिले कंस ९.५२ युरेनियम अधिक २.५६ थोरियम अधिक ३.४८ पोटॅशियम, आणि त्याला एक लाखाने भागा, उत्तर दर घनमीटरला मायक्रोवॅटमध्ये. युरेनियम-थोरियम पीपीएममध्ये, घनता किलो प्रति घनमीटर, आणि पोटॅशियम हे ऑक्साइड नाही, नुसतं पोटॅशियम, म्हणून ऑक्साइडला ०.८३ ने गुणून घ्या. युरेनियम ४, थोरियम १७, पोटॅशियम ३.५ टक्के, घनता २६५० असेल तर सुमारे २.५ येतं. कोयनेसारख्या ठिकाणी खोलवर तापमान किती असेल, खडक किती खोलीपर्यंत ठिसूळपणे फुटू शकतो, ह्या हिशोबात हा आकडा लागतो.

पायरी ८: उरलेलं परत जागेवर

अर्धा कोअर बॉक्समध्ये त्याच जागी, कापलेली बाजू वर करून ठेवा. जिथे पूर्ण तुकडा गेला तिथे तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा, त्यावर पासून-पर्यंत खोली, सॅम्पल नंबर, तारीख आणि कशासाठी नेलं ते. उरलेली पावडर घट्ट झाकणाच्या बाटलीत, स्लाइड्स आडव्या ठेवून डब्यात, लॉगच्या वहीचे फोटो काढून तीन ठिकाणी. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी बॉक्स जमिनीपासून वीतभर वर, फळीवर चढवा, कराड-पाटणकडचा पावसाळा पुठ्ठ्याच्या लेबलला एक महिनाही टिकू देत नाही.